जंतांचं औषध आणि सईचे लाडू

बीपीच्या गोळीवरची अक्षरं वाचायला मला भिंग लागतं. जंतांच्या औषधाचा खोका मात्र आमच्या आख्ख्या एडिसन गावाला वाचता येतो! अब्रूदार माणसाने तो घेऊन दुकानाच्या रांगेत उभं कसं राहायचं?

आमच्या सहा वर्षांच्या सईला जंत झालेत. आज डॉक्टर म्हणाली, औषध घरातल्या सगळ्यांनी घ्या, दोन आठवड्यांनी पुन्हा. नखं कापा, हात धुवा.

“आणि गोड बंद ना?” मी विचारलं.

“गोडाचा काय संबंध?”

पुण्याला आईला फोन लावला. “त्या डॉक्टरला काय कळतंय? गोड बंदच ठेव!”

सई ऐकत होती. “बाबा, सो इट वॉजन्ट द लाडू?”

महिनाभर मी तिला लाडवाला हात लावू दिला नव्हता. गोडाने जंत होतात, हे आपल्याला नक्की सांगितलं कोणी? तुमच्यापैकी कुणाला आठवतंय?

मी तिचे हात धुतले, माझेही धुतले आणि तिच्या ताटलीत दोन लाडू ठेवले.