जांभळ्यातलं पांढरं

सरकारी बीज केंद्रात बियाणं कमी पिकतं आणि किस्से जास्त, हे मी आयुष्यभराच्या नोकरीनंतर छातीठोकपणे सांगू शकतो. बियाण्याला निदान पाणी तरी घालावं लागतं. किस्से नुसत्या शेऱ्यांवर वाढतात! आमचं केंद्र चिखलीच्या अलीकडे होतं. आता तिथे कारखान्याची शेड आहे आणि वाटाण्याच्या वाफ्यावर लोक गाड्या लावतात. पण पन्नासच्या दशकात तिथे विज्ञान चालायचं. मी फील्डमन होतो, म्हणजे विज्ञान चालताना छत्री धरायचो.

*

टेंबे साहेब आमच्याकडे नवे आले ते डोक्यावर हॅट आणि काखेत जाड इंग्रजी पुस्तक घेऊन. जांभळ्या फुलांच्या आणि पांढऱ्या फुलांच्या वाटाण्याचा संकर करून त्यांना आनुवंशिकतेचा नियम दाखवायचा होता. नियम परदेशात सिद्ध होऊन जमाना लोटला होता, पण खात्याला तो चिखलीच्या मातीत पुन्हा सिद्ध झालेला हवा होता.

साहेबांनी धोंडीबा मुकादमाला समोर बसवलं. धोंडीबा गावातलाच. बारा वर्षं रोजंदारीवर, कायम होण्याची वाट बघणारा. बियाण्याच्या कोठीची किल्ली त्याच्या कमरेला.

"हे बघ, जांभळा रंग डॉमिनंट, म्हणजे प्रभावी. पांढरा रिसेसिव्ह. पहिल्या पिढीत सगळी फुलं जांभळी येणार, पांढरा आत दडून बसणार. दुसऱ्या पिढीत चारात एखादं झाड पांढरं निघणार. आणि एकदा पांढरं निघालं, की त्याच्या बियांतून पुढे पांढरंच!"

धोंडीबाने मान डोलावली. "म्हंजी असत्यात दोगं, पर दिसतो येकच?"

"अगदी बरोबर!"

"मग पुस्तक कशाला, साहेब? आमच्या घरी या की. कारभारीण जांभळी, मी पांढरा हाय!"

*

मग संकर सुरू झाला. साहेब चिमट्याने कळीतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या फुलाचे पराग लावायचे आणि वर कागदी पिशवी बांधायचे. कामावरच्या बायकांनी विचारलं, हे काय चाललंय? धोंडीबाने सांगितलं, "लगीन."

चार दिवसांनी साहेब धावत ऑफिसात आले. पानांवर पिवळी भुकटी! "तांबेरा पडला! सगळा प्रयोग गेला!" त्यांनी ताबडतोब पाकिटात नमुना घालून पुण्याला रोगतज्ज्ञांकडे पाठवला. जेवणसुद्धा केलं नाही बिचाऱ्यांनी.

आठवड्याने उत्तर आलं. "नमुना तपासला. हळद आहे. स्वयंपाकात वापरण्यास हरकत नाही."

बायकांचं म्हणणं एवढंच होतं, की लग्न म्हटल्यावर हळद नको का लावायला!

*

पुढच्या हिवाळ्यात पहिली पिढी फुलली. सगळी जांभळी, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. साहेब हरखून गेले. नेमके तेव्हाच पुण्याचे मोठे साहेब पाहणीला आले. मोठ्या साहेबांचा शेतीचा अनुभव दांडगा होता, जीपमधून त्यांनी अख्खा जिल्हा पाहिला होता.

"जांभळं आणि पांढरं, दोन्ही बी दिलं होतं ना? पांढरं कुठंय?"

"आत आहे, सर," टेंबे साहेब पुटपुटले.

"कोठीच्या आत?"

इथे टेंबे साहेबांनी पुस्तक उघडायला हवं होतं. त्यांनी घाम पुसला. मोठ्या साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "पांढऱ्याचे बी गहाळ. कोठी मुकादमाकडे. खुलासा घ्यावा." धोंडीबाच्या कायम होण्याचा कागद तिथेच अडकला.

मला त्या दिवशी टेंबे साहेबांचा फार राग आला. धोंडीबा मात्र म्हणाला, "आमचं साहेब खरं मानूस हाय. पर मोठ्या साहेबांम्होरं आत जातंय."

*

खुलासा मीच लिहिला, धोंडीबाने सांगितला तसा. "बी चोरलेले नाही. ते जांभळ्याच्या आत आहे. पुढल्या साली बाहेर आल्यावर हजर करतो."

पुण्याहून जाब आला, "आरोपी फरार आहे काय?"

*

दुसरी पिढी फुलली. धोंडीबा रोज सकाळी वाफ्यात जाऊन मोजायचा. एकशे छत्तीस झाडं, त्यात तेहतीस पांढरी! इतक्या वर्षांची नोकरी त्या तेहतीस झाडांवर टांगलेली होती. तो त्यांच्यावर सावलीसुद्धा पडू देत नव्हता.

मोठे साहेब आले, बांधावर थांबले आणि कडाडले, "ही भेसळ कसली? बीज केंद्र आहे की मंडई? उपटा!"

आमच्याकडे तपासणीआधी वेगळं दिसणारं झाड उपटायची पद्धतच होती. बायकांचे हात सरावलेले. 'भेसळ' म्हणायचा अवकाश, दहा मिनिटांत वाफ्यातलं पांढरं साफ! टेंबे साहेब "सर..." म्हणाले आणि थांबले.

मोठे साहेब प्रसन्न झाले. "हं! आता ते गहाळ पांढरं दाखवा."

धोंडीबाने ढिगातली सगळी झाडं कवेत उचलली आणि त्यांच्या बुटांपाशी ठेवली. "ह्ये घ्या, साहेब. तेहतीस हायेत."

मोठ्या साहेबांनी क्षणभर विचार केला आणि शेरेबुकात लिहिलं, "पांढरे सापडले. परंतु उपटलेल्या स्थितीत. मुकादमास कामावरून काढावे." मग वही टेंबे साहेबांपुढे सरकवली. "करा सही."

टेंबे साहेबांनी हॅट काढून बांधावर ठेवली. बराच वेळ लिहीत होते. मोठे साहेब गेल्यावर धोंडीबाने मला वाचायला लावलं. "झाडे मोठ्या साहेबांच्या तोंडी हुकमावरून उपटली. मी हजर होतो. गेल्या वर्षी बी गहाळ नव्हते, हे मला माहीत होते. मी बोललो नाही." खाली पूर्ण सही.

धोंडीबाने ते दोनदा वाचून घेतलं.

शेरेबुकाची नक्कल खात्याकडे गेली आणि महिन्याने तिथून एकाच टपालातून दोन कागद आले. धोंडीबा कायम. टेंबे साहेबांची बदली, तीही अशा ठिकाणी जिथे वाटाणा उगवतच नाही.

चाकण रोडवर एसटीत साहेबांची ट्रंक धोंडीबानेच चढवली. गाडी सुटताना खिडकीला हात लावून म्हणाला, "साहेब, आता पुन्यांदा जांभळं व्हायचं न्हाई बरं का!"