वहिनीपासून गाळलेली पानं

सौंसरहून आलेल्या बसच्या कंडक्टरनं शाळेत निरोप दिला, "मॅडम, तुमच्या वयनी गेल्या." पांढुर्ण्याचा वर्ग तसाच सोडून मी निघाले. त्याला आता महिना होत आला... अजून मन कुठे लागत नाही.

सुमनवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. संत्र्याच्या बागेत मजुरीला जायची. वाचता येत नव्हतं, पण गोष्टीचं भारी वेड. सहा वर्षांपूर्वी मी कॉलेजात असताना सुटीच्या दुपारी ती तूर पाखडायची आणि मी तिला एक जाडजूड कादंबरी वाचून दाखवायची. मला संपवायची घाई. त्यातल्या धाकट्या जावेची प्रकरणं रडकी वाटली, म्हणून मी ती गुपचूप गाळली. वहिनीनं एकदा विचारलंही, "लेकरू गेल्यावर त्या जावेचं काय झालं वं?" मी म्हणाले, "काही नाही, राहिली घरातच."

वहिनीची पहिली मुलगी सव्वा महिन्याची होऊन गेली होती. दुःख वाढतं म्हणून आमच्या घरात तिचं नाव कोणी काढत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्याच कादंबरीवरची हिंदी मालिका टीव्हीवर आली. रविवारी सकाळी सगळी आळी शेजारच्या गुरुजींच्या ओसरीवर जमायची. एका भागात ती जाऊ भरल्या पंगतीत आपल्या मेलेल्या लेकराचं नाव घेते, पुन्हा पुन्हा घेते. वहिनी उठून घरी आली आणि भाऊ जेवत होता तिथं उभी राहून म्हणाली, "आपली वैशाली आता बारा वर्षांची असती." भावाचा हात ताटातच थांबला. मग कितीतरी वर्षांनी ती दोघं त्या पोरीबद्दल बोलत बसली.

संध्याकाळी मला म्हणाली, "पुस्तकापेक्षा सीरियलच चांगली. तुह्या पुस्तकवाल्यानं त्या बाईले बोलूच देलं नाही."

तो प्रसंग पुस्तकात शब्दन् शब्द होता. त्यानंतर ती भेटेल त्याला हेच सांगायची, आणि दरवेळी मला वाटायचं, आज सांगून टाकावं... दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हाही नुसती तिचे पाय दाबत बसले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वहिनीसाठीची बुद्धवंदना झाल्यावर, भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू वाचलं असतं, तं तिनं चार वर्षं आधी नाव घेतलं असतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण आता काहीही वाचायला घेतलं की एक ओळसुद्धा सोडवत नाही. वर्गात धडा वाचताना पोरं कंटाळतात, चुळबुळतात, घंटा होऊन जाते... आणि मी वाचतच असते.