चुलाणापाशी निघालेलं खापर

बोरिवली पूर्वेला टेकडीच्या कडेला शेवंतीची झोपडी होती, पुढे चहाचं चुलाण. संपात गिरणी बुडाली, नवरा गुणाजी मालवणला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून बाई चहावर जगत होती. मी गुणाजीचा गिरणीतला सोबती, रोज तिच्याकडे चहाला असायचो.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात उत्खननवाले आले. त्यांचा कडक नियम: खड्ड्यात चहा न्यायचा नाही, सांडला तर माती बिघडते. त्यामुळे अकराच्या सुमाराला सगळे शेवंतीच्या अंगणात. पण या मंडळींचे हात काही स्वस्थ बसत नाहीत. एका हातात ग्लास, दुसऱ्यात खुरपी, गप्पा मारता मारता जमीन उकरणं चालूच.

"बाईंनू, अंगण सारवलेलां आसा हां!" शेवंती ओरडायची.

"सारवून देऊ गं," त्यांच्या प्रमुख मृणालिनीबाई हसायच्या. "तुझ्या चहाशिवाय आमचं काम हलतं का?"

एक दिवस असंच उकरताना चुलाणापाशी नक्षीचं खापर निघालं. शेवंती हरखली. "माझ्या दारात गावलां रे! आता माका कोण हलयतलो?" त्या दिवशी तिने सगळ्यांना निव्वळ दुधाचा चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी माझं टाळकंच सटकलं. "शेवंते, येडी झालीस काय? खणायच्या जागेची चुन्याची रेघ बघ! काल दारासमोर होती, आज झोपडीच्या मागे गेली."

"तू ना, सगळ्यात खोट काढतस. रोज माझ्या हातची चाय पितत ती माणसा."

मी मृणालिनीबाईंशी भांडलो. त्या म्हणाल्या, "आता ही जागा संरक्षित. माझ्या हातात काही नाही." हातात शेवंतीचा ग्लास होता.

पाडापाडीची गाडी नेमकी चहाच्या वेळेला आली. मी आडवा पडलो, दोघांनी मला उचलून बाजूला टाकलं. शेवंती मृणालिनीबाईंच्या तोंडाकडे बघत होती. एक शब्द निघेल म्हणून.

निघाला. "अरे, भिंत तिकडे पाडा! खड्ड्यात माती जाईल!"

मग चुलाणाखाली खणलं. शेवंतीचीच राख निघाली, खाली नुसता मुरूम. खापर वरून पावसात वाहून आलं असणार, असं ठरलं. खड्डा बुजवला, तारेचं कुंपण घातलं आणि मंडळी गेली.

शेवंती गोवंडीत तिच्या भाचीच्या खोलीवर राहायला गेली होती, तिथे जाऊन मी तिला हे सांगितलं.

"मगे माझी जागा माका परत देतले?"

मी त्या उत्खननवाल्यांना आईमाईवरून शिव्या घातल्या. ती ऐकत राहिली, मग भिंतीकडे तोंड करून पडली. मी निघालो. तिने चहा विचारला नाही.