चेक म्हाताऱ्याचं गाव

बहारीनमधल्या सलमाबादच्या एका वर्कशॉपात मी फिटर होतो. तिथे नवं प्रेस मशीन बसवायला चेक देशातून एक इंजिनियर आला. साठी उलटलेला, उंच, उन्हाने लालबुंद झालेला. मला त्याच्या हाताखाली दिलं. दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे एकमेकांची लाज वाटायची नाही.

कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत आम्ही सहा जण राहायचो. बाकीचे पाच एकाच जिल्ह्यातले मल्याळी. माणसं चांगली होती, पण त्यांच्या हसण्यात मला जागा नव्हती. घरी फोन केला की मुलगी "हाय बाबा" म्हणायची आणि फोन आईकडे द्यायची. दिवसचे दिवस मी मराठीत चार वाक्यं बोलत नसे.

एका दुपारी वीज गेली. आम्ही मशीनपाशी बसून होतो. त्याने विचारलं, "तुझ्या गावात नदी कुठून येते?"

बहारीनला आल्यापासून असलं कुणी विचारलं नव्हतं. मी खाडी सांगितली, होड्या लागतात तो तरीचा धक्का, वरची वाडी, खालची वाडी. त्याने सगळं नीट ऐकलं. मग चॉक घेऊन लोखंडी प्लेटवर आपलं गाव काढलं. मधून ओढा, ओढ्यावर पिठाची गिरणी. दोन तळी, त्यांत मासे पाळायचे. टेकाडावर चर्च, उत्तरेला डोंगर, आणि डोंगरापलीकडे जर्मनी. हिवाळ्यात बर्फ पडलं की येण्याजाण्याचा एकुलता एक रस्ताही बंद.

"घरं किती?" मी विचारलं.

"चाळीसेक. निम्मी रिकामी."

ती का रिकामी, ते त्याने पुढच्या काही दिवसांत सांगितलं. गावात पिढ्यान्‌पिढ्या जर्मन बोलणारी माणसं राहत होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारने त्यांना हाकललं. हातात मावेल तेवढं सामान घेऊन ती गेली. त्यांच्या निम्म्या घरांत दुसरीकडची माणसं आणून बसवली, बाकीची तशीच राहिली. त्याची आई त्यांतलीच. ती आली तेव्हा कपाटात बशा तशाच होत्या. त्याच घरात तो जन्मला.

काम संपत आलं तेव्हा एकदा जेवताना तो म्हणाला, "नव्वद साली जर्मनीची सीमा उघडल्यावर एक म्हातारी आली होती, लेकीला घेऊन. म्हणाली, हे माझं घर. आत नको येऊ देऊस, फक्त विहिरीचं घोटभर पाणी दे."

"मग?"

"आईने दार लावलं. ती घर परत मागेल अशी भीती वाटली तिला. मी चांगला तिशीचा होतो. खिडकीतून बघत राहिलो. त्या दोघी बराच वेळ रस्त्यावर उभ्या होत्या." त्याने डबा बाजूला सारला. "तू काय केलं असतंस?"

"पाणी दिलं असतं," मी म्हणालो.

तो डबा धुवायला उठला. मलाच वाटलं, उत्तर फार लवकर दिलं. आई पाठीशी उभी असताना मी तरी काय केलं असतं, कुणास ठाऊक.

मशीन चालू झालं आणि तो गेला. त्या मशीनवर दुसरा माणूस आला, तो कामापुरतंच बोले.

तीन-चार महिन्यांनी त्याचा मेसेज आला. म्हाताऱ्याने त्या लेकीचा पत्ता काढून तिला पत्र लिहिलं होतं. तिची आई केव्हाच वारली होती. पण ती स्वतः येऊन गेली. तासभर स्वयंपाकघरात बसली, बोलली थोडंच, आणि कपाटातली एक बशी त्याने तिला दिली. खाली लिहिलं होतं, 'तुला कळवावंसं वाटलं.'

मी कॉटवर बसून दोनदा वाचलं. खोलीत पत्ते रंगात आले होते. न राहवून घरी फोन लावला. बायकोला गाव, ओढा, म्हातारी, बशी, सगळं सांगत सुटलो.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "कोण ओ ती बाई? आणि तुमची लिव्ह मंजूर झाली का?"

"अजून नाही," मी म्हणालो.