वहिनीने स्वतः जोडलेली ट्रॉली

वहिनीला जाऊन आज वर्ष झालं आणि मला सकाळपासून एका जागी बसवत नाहीये.

दोनदा चहा केला. दोन्ही वेळा तसाच गार झाला. शेवटी उठले आणि दादाकडे आले. इथूनच लिहितेय.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. इकडे हिंदी मुलखात, थाटीपुरच्या ह्या घरी थंडीत दर रविवारी अंगणात मंडळी धूप खायला, म्हणजे उन्हात बसायला जमायची. बेडई म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, जलेबी, चहा आणि दुपारपर्यंत गप्पा.

गप्पा आमच्या. वहिनी मात्र ट्रे घेऊन आत-बाहेर, आत-बाहेर.
एकही किस्सा तिने शेवटपर्यंत ऐकला नसेल.

मग तिच्या हार्टचा प्रॉब्लेम निघाला. डॉक्टरांनी दगदग बंद, वजन उचलणं बंद असं सांगितलं. दादाने त्याच दिवशी फैसला करून टाकला की आता रविवारही बंद.

वहिनी एवढंच म्हणाली, "लोकच येणार नसतील तर मी बरी होऊन करू काय?"

आणि ट्रॉली बनवायला बसली.

खरंच. यूट्यूबवर बघून.

जुन्या दिवाणाच्या फळ्या सुताराकडून कापून आणल्या. घासणं, स्क्रू लावणं, पॉलिश, सगळं हिचं, थोडं थोडं, दम खात. वर एक फळी, खाली एक फळी, चार पाय, ढकलायला दांडा. चाकं आम्ही दोघींनी नया बाज़ारातून आणली.

दादा चिडून सगळ्यांना सांगत फिरायचा की डॉक्टरने आराम सांगितलाय आणि हिने कारखाना खोललाय.

पहिली ट्रायल फसली. अंगणाला नालीकडे उतार आहे. ट्रॉली रिकामे ग्लास घेऊन आपली आपण निघाली आणि दादाच्या स्कूटरवर जाऊन आदळली.

"झाला शौक पूरा?" दादा.

दुसऱ्या दिवशी वहिनीने मला लॉकवाली चाकं आणायला पाठवलं.

त्या रविवारी ती सगळं एकाच फेरीत बाहेर घेऊन आली. पायाने लॉक दाबलं. खुर्चीवर बसली.

लगेच चटणीसाठी उठली. चटणी ट्रॉलीवरच होती.
पाण्यासाठी उठली. पाणी खालच्या फळीवर होतं.

मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अगं, आता मी काय करू?"

"बस," म्हटलं.

हातांचं काय करावं ते तिला कळेना. थोड्या वेळाने ती स्वतःच बोलायला लागली. सांगलीहून नवी नवरी म्हणून आली तेव्हाचं. हिंदी अजिबात येत नव्हती. शेजारच्या शर्मा आंटी शाळेत हिंदीच्या टीचर. त्या प्रेमाने म्हणाल्या होत्या, "बेटा, हिंदी बोलने की चेष्टा करो."

त्यांच्या चेष्टाचा अर्थ प्रयत्न. वहिनीला वाटलं, ह्या आपली टिंगल करतायत. घरी येऊन रडली आणि कितीतरी महिने त्यांच्या दारात गेली नाही.

शर्मा आंटी समोरच बसल्या होत्या. बेडईचा घास हातातच राहिला.

"मैं तो आज तक सोचती रही, बहू को मेरा स्वभाव पसंद नहीं."

दोघी इतक्या हसल्या की दादाने घाबरून वहिनीला पाणी दिलं.

असे रविवार तिला एकच थंडी मिळाले. उन्हाळा लागायच्या आत ती गेली.

ह्या थंडीत दादाने कोणालाच बोलावलं नाही. ट्रॉली व्हरांड्यात, चादरीखाली.

काल मात्र त्याने स्वतः सगळ्यांना फोन केले.

आत्ता तो ट्रॉली ढकलत एकेकापाशी थांबतोय आणि विचारतोय, चहात साखर किती. शर्मा आंटींना सुद्धा. इतक्या वर्षांत त्याला हे माहीत करून घ्यायची वेळच आली नव्हती.

आंटी म्हणाल्या, "बिना शक्कर की, भैया." त्याने मान हलवली आणि पुढे गेला.

वहिनी, सगळे आलेत गं.

तुला आम्हा सगळ्यांचा मनापासून नमस्कार.