बानाबाईचे किलोमीटर

पुंजाराम बनकर एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, त्यातली बहुतेक कन्नडच्या डेपोत. माणूस तसा गरीब स्वभावाचा, पण किलोमीटरचा विषय निघाला की त्यांच्या अंगात यायचं. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडापेक्षा त्यांच्या शब्दाला जास्त मान होता. निवृत्त होऊन पडेगावला राहायला आल्यावर मुलानं त्यांना एक जुनी पांढरी गाडी घेऊन दिली, आणि पुंजारामांनी त्याच दिवशी वही सुरू केली. तारीख, कुठून कुठं, किती किलोमीटर. बायको सरूबाई म्हणायची, "नातवाचं नाव इसरतील, पण भाजीला गेल्याचे किलोमीटर नाय इसरायचे."

गाडीचा विमा औरंगपुऱ्यातल्या एजंटाकडं, काकासाहेबांकडं. त्यांनी गेल्या वर्षी कमी गाडी चालवणाऱ्यांसाठीची पॉलिसी सुचवली. वर्षभरात गाडी किती चालेल ते आधी खरं सांगायचं, हप्ता त्या मानानं. सांगितलेला आकडा ओलांडला आणि वेळेत वाढवून घेतला नाही, तर पुढं गाडी ठोकली तरी भरपाईचं नाव काढायचं नाही.

"पाच हजार लिवा," पुंजाराम छाती काढून म्हणाले होते. "तीनच्या वर जात नाय, पण असू द्या."

पॉलिसी संपायला महिना उरला तेव्हा काकासाहेबांचा फोन आला, मीटरचा फोटो पाठवा. पुंजारामांनी चष्मा लावून आकडा वाचला, काच पुसून पुन्हा वाचला. अकरा महिन्यांत गाडी चार हजार आठशे सत्तर चालली होती. वही म्हणत होती दोन हजार तीनशे चौऱ्याहत्तर.

मीटर बिघडलंय, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तडक गाडी काढून ते दौलताबादच्या रस्त्याला लागले आणि दगड बघत पाच किलोमीटर चालवली. मीटरही बरोबर पाचच फिरलं. चेहरा पाडून परत आले. शेजारचा जीपवाला भिकन ओट्यावर बसला होता, त्याला तर हसूच आवरेना.

"काका, वायर काढू का मीटरची? दोन मिनिटांचं काम. कोई पूछता नहीं."

"हात तर लावून बघ," पुंजाराम म्हणाले.

सरूबाई ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "आवं, ती बानाबाई काय उडत जाती का दवाखान्यात?"

पुंजारामांनी वही उघडून मंगळवार-शुक्रवारची पानं चाळली.

बानाबाई त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहायची. जन्मभर मेंढरांमागं चालली, किती चालली ते कधी मोजलं नाही. आता मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि मंगळवार-शुक्रवार तिला मशिनवर झोपावं लागायचं. मागं कोणी नाही. पुंजाराम सकाळी तिला दवाखान्यात सोडत, घरी येत, चार तासांनी पुन्हा आणायला जात. दिवसाचे सव्वीस किलोमीटर व्हायचे. आठवड्याला बावन्न. यातला एकही वहीत नव्हता. नोकरीला नवे असताना ज्या उस्तादानं त्यांना घाट शिकवला, त्यानंच सांगून ठेवलं होतं, नेकी कर और दरिया में डाल. पुंजारामांनी इमानानं सगळं दर्यात टाकलं होतं. मीटरला कुठला दर्या?

त्यांना लाज वाटली. किलोमीटरचा पक्का म्हणवणाऱ्या माणसानं कागदावर निम्मंच सांगितलं होतं. आणि आता खरं लिहायचं म्हणजे त्या बाईसाठी केलेलं मोजायचं, हे त्याहून जड जात होतं. पाच हजाराला एकशे वीस उरले होते. बानाबाईच्या दोन आठवड्यांचे.

भिंत पातळ होती. मंगळवारी सकाळी पुंजाराम गाडी पुसून उभे राहिले, तर बानाबाईच्या दाराला कडी. ती सडकेवर रिक्षाची वाट बघत दगडावर टेकलेली सापडली, पाय सुजलेले, तोंड दुसरीकडं.

"बसा गाडीत."

"नको भाऊ. तुमचं मीटर भरलं म्हणं माझ्यापायी."

"मीटर फिरायलाच बनवलंय, बाई. बसा म्हणतो ना!"

एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला, म्हणून ती मुकाट बसली.

त्या दिवशी तिला सोडून पुंजाराम घरी आले नाहीत, थेट औरंगपुऱ्यात गेले. वही काकासाहेबांसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं.

"भाडं घेत नाही ना तिच्याकडून?" काकासाहेबांनी विचारलं. "विचारावं लागतं."

"नाय," पुंजाराम एवढंच म्हणाले, पण असं की काकासाहेबांनी पुन्हा विचारलं नाही.

"मग काळजी नको. मर्यादा संपायच्या आत आलात, या महिन्यापुरती वाढवून देतो. आता पुढच्या वर्षाचा अंदाज सांगा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, आवाज खाली आणला. "बाईंचं वय काय? नाही, या दुखण्यात... सहा महिन्यांचेच धरू. हप्ता कशाला फुकट भरता? लागलं तर तेव्हा बघू."

काकासाहेबांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पुंजारामांनी वही मिटून जवळ घेतली. डॉक्टरांनीही अजून असं तोंडावर म्हटलं नव्हतं.

"आठवड्याला बावन्न," ते म्हणाले. "अन् वर्षाचे आठवडे किती असतेत?"

"बावन्न."

"मंग समदे धरा."

आपल्या हातानं त्यांनी अर्जावर साडेपाच हजार लिहिले आणि खाली सही ठोकली.

दुपारी परतताना बानाबाई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. मशिनवरून उठल्यावर ती कधी बोलत नसे. पडेगाव जवळ आल्यावर तिनं हळूच विचारलं, "लिवलं का भाऊ, माझ्या जाण्यायेण्याचं?"

"लिवलं."

"कवरचं?"

"पुढचं आख्खं वरीस. शंभर अन् वर चार खेपा."

पुंजारामांनी आरशात पाहिलं. बानाबाई पदरानं डोळे पुसत होती.

"सरकारी कागद हाय का?" तिनं विचारलं.

"पक्का. सही केली म्या."

"मंग खोटं नाय पडू द्यायचं," ती म्हणाली. "शुक्रवारी दार वाजवू नका. मीच गाडीपाशी येऊन हुबी राहीन."