बाईंचं खूळ

ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणत. कुणी कोडमध्ये चूक केली की आधी भरपूर बोलायचं आणि मग ती चूक स्वतःच निस्तरून द्यायची, ही तिची रीत; त्यामुळे दुसरं नाव तिला शोभलंही नसतं. आपलं वय झालं म्हणून नव्हे, आपला अधिकार आहे म्हणून आत्या म्हणतात, अशी तिनं स्वतःची समजूत घालून घेतली होती. अशा समजुती घालून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. खालचं यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचे चहाचे कप थरथरत. तिथे लाँड्र्यांसाठी प्रोग्रॅम लिहिला जाई: कुणाचा कपडा, कधी आला, कुठे अडकला. त्या प्रोग्रॅमची सगळी कुळकथा, म्हणजे पहिल्या दिवसापासून कुणी काय बदललं ते, मर्क्युरियल नावाच्या व्यवस्थेत जपलेली होती. ती आत्यानंच बसवलेली. पुढे सगळं जग गिट नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेकडे गेलं, आत्या जागची हलली नाही. शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला अधूनमधून म्हणे, "आत्या, आता तरी गिट घेऊ या." की आत्याचं व्याख्यान सुरू.

"हे बघ, रेपॉझिटरीचं, म्हणजे इतिहासाच्या या कोठाराचं, दोन्हीकडे सारखंच. ज्यानं प्रत घेतली, त्याच्या मशीनवर अख्खा इतिहास. भांडण आहे ते फांद्यांचं. मुख्य कामाला धक्का न लावता बाजूला नवं काही करून बघायचं, म्हणून आपण फांदी काढतो. तुझ्या गिटमध्ये फांदी म्हणजे गठ्ठ्यातल्या शेवटच्या कपड्याला टाचणीनं लावलेली चिठ्ठी. ओढली की निघाली. मर्क्युरियलमध्ये फांदीचं नाव प्रत्येक बदलावर उमटतं. कॉलरच्या आत पक्क्या शाईनं घातलेली खूणच ती. शर्ट फाटेल, खूण जायची नाही."

"आणि खूणच चुकीची घातली तर?"

"माणसानं विचार करून घालावी."

नाकानं कांदे सोलावेत ते आत्यानं. कारण तिच्या स्वतःच्या हातची एक खूण त्याच रेपॉझिटरीत बसली होती, आणि ती घालताना विचार कुठल्या कुठे होता.

त्याचं असं झालं. ऑफिसचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लाँड्रीवाल्या बाई. सत्तरीच्या, पण अजून स्वतः काउंटरवर बसणाऱ्या. काही वर्षांपूर्वी त्या जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "प्रत्येक मोज्याची नोंद वेगळी पाहिजे."

"बाई, मोजे जोडीनं येतात," आत्या म्हणाली.

"येतात जोडीनं, जातात एकटे."

आत्या तोंडदेखलं हसली. बाई गेल्यावर तणतणत टेबलाशी बसली, नवी फांदी काढली आणि तिला नाव दिलं, 'बाईंचं-खूळ'. दोन दिवसांचं काम, कोण बघतंय! पण मोज्यांमागून रुमाल आले, रुमालांमागून उशांचे अभ्रे. सगळं त्याच फांदीवर, कारण नवी फांदी काढायचा आत्याला कंटाळा. शेवटी ती मुख्य कामात मिसळली तोवर निम्म्या प्रोग्रॅमवर ती शाई उमटली होती. आणि मोजे खरोखरच हरवायचे थांबले. दुसऱ्या लाँड्र्याही तेच मागू लागल्या. ऑफिसात तर त्या नावाचं कुणाला काही वाटेनासं झालं. "आज खुळावर बसतो," असं दाढीवाला सकाळी सहज म्हणे.

आणि एक दिवस बाईंचा फोन आला.

"अगं, आमच्याकडचं संगणकाचं आता माझा भाचा बघणार आहे. तुमचा सगळा प्रोग्रॅम इतिहासासकट त्याला पाठव. तो बघून सांगेल, पुढची कामं तुमच्याकडे ठेवायची की दुसरीकडे न्यायची."

भाच्यानं ते नाव वाचलं आणि बाई काम घेऊन दुसरीकडे गेल्या, तर ऑफिसात खालच्या यंत्राची धडधड तेवढी उरली असती. वर बाई चारचौघांत आत्याची ओळख करून देत ती "ही माझी मुलगीच" अशी. म्हणजे भाकरीही गेली आणि तोंड दाखवायला जागाही.

घरी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना तिनं नवऱ्याला सांगितलं.

"मग नाव बदल की," तो म्हणाला.

"बदलता येत नाही."

"असली कसली वस्तू निवडली तुमच्या ऑफिसनं?"

"मी निवडली."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि ढिगातून आपल्या मोज्याचा जोडीदार शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी आत्यानं खुर्ची दाढीवाल्याकडे सरकवली. "काय रे, ते गिट कसं असतं?"

"आत्या, बरं वाटत नाही का?"

"जगाबरोबर चालावं माणसानं."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या स्क्रीनवर. "खूळ लपवायचंय होय?"

"लपवायचं नाही. चिठ्ठी काढायची."

दुपारपर्यंत त्यानं सगळा इतिहास गिटमध्ये आणला. बदल सगळे आले, क्रमानं आले. प्रत्येक कॉलरवरची शाई तेवढी राहिली मागे, आणि तिच्या जागी शेवटाला एकच चिठ्ठी. "आता तुम्हीच ओढा," तो म्हणाला. "इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंत, मला एवढं बघू द्या." आत्यानं एक ओळ टाइप केली. खूळ गेलं. मोजे, रुमाल, अभ्रे जागच्या जागी.

"गिट चांगलं आहे की रे," आत्या म्हणाली. दाढीवाल्यानं दाढीत तोंड लपवलं.

नवी प्रत भाच्याकडे गेली. त्यानंतर दोनच दिवसांनी बाई स्वतः आल्या. धापा टाकत जिना चढल्या, खुर्चीत बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"माझं खूळ कुठे गेलं?"

आत्यानं हातातला कप खाली ठेवला. "कसलं खूळ, बाई?"

"भाच्याकडे जुनी प्रत आहे. तूच दिली होतीस, तुमच्याकडे काही बरंवाईट झालं तर एक आमच्याकडे असावी म्हणून. त्यानं दोन्ही शेजारी लावून बघितल्या."

प्रत्येक प्रतीत अख्खा इतिहास असतो, हे जिनं अख्ख्या ऑफिसला घोकून घोकून ऐकवलं, तिनं स्वतःच्या घरची शाई धुतली आणि शेजारी दिलेला शर्ट विसरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बाई, चुकलं माझं. रागाच्या भरात तसलं नाव दिलं."

"नाव दिलंस त्याचं काही नाही. काढलंस कशाला?" बाईंचा आवाज चढला. "दुकान सासऱ्यांचं, यंत्रं नवऱ्याची, आता हिशेब भाच्याचा. एवढं एक खूळ माझं होतं. भाच्यानं दाखवलं मला, जिथे तिथे माझं नाव. मी दोन वेळा बघितलं. आणि नव्या प्रतीत एकदाही नाही?"

दाढीवाला लगबगीनं पुढे झाला. "बाई, आत्ता लावतो परत." त्यानं चिठ्ठी लावली. बाई चष्मा सावरत स्क्रीनवर वाकल्या.

"हे तर एकाच ठिकाणी दिसतंय."

"गिटमध्ये तसंच असतं. फांदीचं नाव शेवटच्या बदलापाशी."

"म्हणजे एका कपड्याला चिठ्ठी आणि मागचा गठ्ठा बेवारशी? माझ्या दुकानात असं केलंस तर त्याच दिवशी घरी पाठवीन तुला." मग त्या आत्याकडे वळल्या. "आधी काय होतं?"

"शाई," आत्या बारीक आवाजात म्हणाली.

"मग शाईच ठेव. कामं तुमच्याकडेच राहतील. पण शाईत."

दाढीवाल्यानं आत्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा वाद ती जिंकली होती, तोही नेमका पक्ष बदलल्यावर. या दिवसासाठी तिनं मनात एक झकास भाषण तयार ठेवलं होतं. त्यातला एक शब्द तिच्या तोंडून फुटला नाही.

"बरं, आता ऐक," बाई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला उचलला. "शर्टाची बटणं. घेताना किती, देताना किती, प्रत्येक शर्टाची नोंद पाहिजे."

"बटणं, बाई?"

"बटणं."

आत्यानं जुनी रेपॉझिटरी उघडली, नवी फांदी काढायला घेतली. नावाच्या जागी कर्सर लुकलुकत राहिला. "काय नाव देऊ?"

"मनात आलंय तेच दे."

आत्यानं दाढीवाल्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. तिनं टाइप केलं, 'बाईंचं-दुसरं-खूळ'.

बाईंनी ते ओठ हलवत वाचलं. मान डोलावली.

"एकदा नीट बघून घे हो," त्या म्हणाल्या. "मागाहून पुसता यायचं नाही."